फोटो ‘चालत नाही’? घरीच बदला!

पूर्वी अर्ज भरायचा म्हणजे डिंकाची बाटली, दोन पासपोर्ट फोटो आणि काळ्या शाईचं पेन एवढं हाताशी असलं की भागत असे. आता अर्ज संगणकावर असतो आणि फोटो चिकटवायचा नसतो, अपलोड करायचा असतो. तो करायला जावं तर लाल अक्षरं उमटतात : फोटो जेपीजी हवा, अमुक केबीपेक्षा मोठा नको. मुदतीचे दोनच दिवस उरलेले असतात. मग कुकर तसाच ठेवून आपण पर्स उचलतो आणि बसस्टँडकडच्या दुकानाची वाट धरतो.

आमच्या नांदगाव खंडेश्वरातही हे काम करून देणारी दुकानं आहेत. पैसे काही फार घेत नाहीत. पण पैशांचा प्रश्नच नाही हो! फोटोबरोबर आपली सही, आधार कार्ड, पासबुकाचं पहिलं पान असं सगळं आपण परक्या संगणकात ठेवून येतो. एका दुकानात मी रांगेत उभी होते, तर समोरच्या पडद्यावर तीन अनोळखी बायकांची आधार कार्डं उघडी पडलेली, पत्त्यांसकट! २०२४ साली लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरले गेले, तेव्हा किती जणींचे कागद किती हातांतून गेले असतील, विचार करा. ‘फोटो फुकट बदलून देतो’ म्हणणाऱ्या वेबसाइट असतात, तिथेही बहुतेक वेळा आपला कागद आधी दुसऱ्याच्या संगणकावर जातो.

हेच काम घरच्या संगणकावर होतं, आणि तेही इंटरनेट बंद ठेवून. एक पैसा लागत नाही. मुलांच्या अभ्यासासाठी घेतलेला लॅपटॉप घरात असेल, तर आज दुपारी तासभर द्या.

आधी फोटोचे प्रकार समजून घ्या

फोटोच्या फाइलच्या नावात शेवटी टिंब देऊन जी अक्षरं असतात, ती तिचा प्रकार सांगतात. सर्वांत ओळखीचा प्रकार जेपीजी, म्हणजेच जेपेग. त्याचं प्रमाण १९९२ साली ठरलं. जेपेग हे वाळवणासारखं असतं. भाजी वाळवली की डब्यात थोड्या जागेत मावते, पण पाण्यात भिजवून पुन्हा ताजी होत नाही. जेपेग करतानाही फोटोतला थोडा बारकावा कायमचा जातो. १९९६ साली आलेला पीएनजी हा घडी घातलेल्या गोधडीसारखा. घडी मोडली की गोधडी होती तशीच! म्हणून फोटोच्या पीएनजी फाइली जड असतात. आयफोनमधला एचईआयसी हा प्रकार २०१७ पासूनचा. तो जागा कमी घेतो, पण अर्जांच्या बऱ्याच खिडक्या त्याला आत घेत नाहीत.

काही जणी फाइलचं नाव बदलून शेवटी जेपीजी लिहितात. दुकानाची पाटी बदलली म्हणून आतला माल बदलतो का? फाइल खरोखर बदलावी लागते.

साहित्य

विंडोजचा संगणक आणि ‘इमेजमॅजिक’ नावाचा प्रोग्राम. जॉन क्रिस्टी यांनी १९८७ साली अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीत काम करताना तो रचायला घेतला आणि १९९० साली तो सर्वांसाठी मोफत खुला झाला. आजही तो मोफतच आहे. इमेजमॅजिक डॉट ऑर्ग या त्याच्या स्वतःच्याच वेबसाइटवरून घ्या, इतर कुठून नको. यात बटणं दाबायची नसतात. आज्ञा, म्हणजे कमांड, टाइप करायची असते. घाबरू नका, एका ओळीचं काम आहे.

कृती

ज्या फोल्डरमध्ये फोटो आहे ते उघडा. वरच्या पत्त्याच्या पट्टीत क्लिक करून सी, एम, डी ही तीन अक्षरं लिहा आणि एंटर दाबा. काळी खिडकी उघडेल. आज्ञा तिथे लिहायची. आज्ञा इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच लिहायच्या असतात. मी इथे उच्चार देते आहे. पहिला शब्द ‘मॅजिक’, स्पेलिंग एम, ए, जी, आय, सी आणि शेवटी के. तो के विसरू नका. फाइलचं नाव इंग्रजीत, छोटं आणि मध्ये जागा न सोडता ठेवा.

१. प्रकार बदलायला : मॅजिक, जागा, फोटो.एचईआयसी, जागा, फोटो.जेपीजी. एंटर दाबा, झालं! आधी जुनं नाव आणि मग नवं, एवढाच नियम. मूळ फोटो जागेवरच राहतो.

२. आकार लहान करायला : दोन नावांच्या मध्ये वजाबाकीचं चिन्ह जोडून ‘रिसाइझ’ लिहा, मग जागा सोडून २००एक्स२३०. फोटो त्या मापाच्या आत बसेल आणि चेहरा ताणला जाणार नाही. अगदी तंतोतंत माप हवं असेल, तर फोटो आधी फोनमध्येच त्या प्रमाणात कापून घ्या.

३. केबी कमी-जास्त करायला : तसंच वजाबाकीचं चिन्ह जोडून ‘क्वालिटी’ आणि पुढे १ ते १०० मधला आकडा. आकडा कमी केला की फाइल हलकी होते. ८५ पासून सुरुवात करा.

४. अनेक कागदांची एक पीडीएफ करायला : मॅजिक लिहून सगळ्या जेपीजींची नावं क्रमाने द्या आणि शेवटी कागद.पीडीएफ.

बँकेच्या अर्जाचं उदाहरण

सरकारी बँकांच्या नोकरभरतीच्या परीक्षा मुंबईत कांदिवलीला कार्यालय असलेली आयबीपीएस ही संस्था घेते. तिच्या सूचनांत फोटो २०० बाय २३० पिक्सेल आणि २० ते ५० केबी, तर सही १४० बाय ६० पिक्सेल आणि १० ते २० केबी असं माप देत आले आहेत. सही पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने हवी, आणि सगळी मोठी इंग्रजी अक्षरं काढून केलेली चालत नाही.

इथे एक गंमत बघा. फाइल जड झाली तर नाकारतात हे आपल्याला ठाऊक असतं, पण २० केबीपेक्षा हलकी झाली तरी नाकारतात! २०० बाय २३० चा फोटो ८५ क्वालिटीवर बरेचदा २० च्या खाली जातो. मग ९५ करून पाहायचं. मात्र दर वेळी मूळ फोटोवरूनच नवीन करा. आधीच्या जेपेगवरून पुन्हा जेपेग केला की चेहरा आणखी धूसर होतो. आणि माप त्या वर्षीच्या जाहिरातीतूनच घ्या, शेजारणीच्या सांगण्यावरून नको.

एवढी काळजी घ्या

• जुन्या पुस्तकांत ‘मॅजिक’च्या जागी ‘कन्व्हर्ट’ हा शब्द सापडेल. विंडोजमध्ये त्याच नावाचा दुसरा प्रोग्राम आहे, तो डिस्कची मांडणी बदलण्यासाठी असतो. त्याच्या वाटेला जाऊ नका.

• ‘मॉग्रिफाय’ या आज्ञेने एका दमात शंभर फोटो बदलतात, पण नीट न लिहिल्यास ती मूळ फोटोवरच नवा लिहिते. लग्नाच्या, बारशाच्या फोटोंवर ती चालवण्याआधी वेगळ्या फोल्डरमध्ये प्रत काढून ठेवा.

• फोनने काढलेल्या फोटोत कधी कधी तो कुठे काढला ते ठिकाणही लपलेलं असतं. वजाबाकीचं चिन्ह जोडून ‘ऑटो-ओरिएंट’ आणि त्यानंतर तसंच ‘स्ट्रिप’ लिहिलं की फोटो सरळ उभा राहतो आणि ती माहिती निघून जाते. क्रम मात्र हाच ठेवा, नाहीतर फोटो आडवा पडेल.

• आयफोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, आणि तिथे ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडलं, तर पुढचे फोटो मुळातच जेपेग निघतात.

शाळेत मुलांना शिकवताना मी पाहते, काळ्या खिडकीला मुलं भीत नाहीत, बायका भितात. चूक टाइप झाली तर बहुतेक वेळा खिडकी फक्त इंग्रजीत कुरकुर करते. ओळ पुन्हा लिहायची, बस्स! लोणच्याचं प्रमाण लिहितो त्या वहीच्या मागच्या पानावर या चार ओळी उतरवून ठेवा. लेकीचा अर्ज असो, नणंदेचा असो की स्वतःचा, आणि मी तर म्हणेन स्वतःचाही भराच, घरातले कागद घरातच राहतील आणि शेवटच्या दिवशी कुणाच्या दुकानाचं शटर उघडण्याची वाट पाहावी लागणार नाही.