जुना दागिना मोडीत देण्याआधी

जुनी बोरमाळ हातात घेतली की दिसते त्यापेक्षा हलकी लागते. मणी पातळ पत्र्याचे आणि आत लाख भरलेली. त्यामुळे काट्यावरचं सगळं वजन सोन्याचं नसतं. अशी माळ गरम पाण्यात धुऊ नका, लाख मऊ पडते.

पुतळ्यांची माळ भिंगाखाली धरा. हा घाट व्हेनिसच्या डुकाट नाण्यावरून आला. त्या नाण्यावर संत मार्कसमोर गुडघे टेकलेला तिथला राज्यप्रमुख असतो. आपल्या सोनारांनी पुढे त्या जागी लक्ष्मीही उमटवली.

नथीत किंवा तन्मणीत बसरा मोती असतील तर मात्र घाई नकोच. हे इराणच्या आखातातले नैसर्गिक मोती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जपानचे कल्चर्ड मोती बाजारात आले आणि आखातातला तो धंदा बसला. मोती दातावर घासून पाहतात, पण कल्चर्ड मोतीही खरखरीतच लागतो. नैसर्गिक की कल्चर्ड, हे प्रयोगशाळेत एक्स-रे काढूनच ठरवावं.

हॉलमार्क नाही म्हणून दागिना खोटा ठरत नाही. आपल्याकडे सोन्याचं हॉलमार्किंग 2000 साली सुरू झालं. शंभर वर्षांहून जुना कलात्मक दागिना 1972च्या कायद्याने पुरावस्तू ठरू शकतो, आणि पुरावस्तू खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही.

दोरा कुजला असेल तर पटवेकऱ्याकडून माळ गाठवून घ्या. मोडीत फक्त सोन्याचे पैसे येतात, घडणावळीचे नाहीत.