लाकडी कपाटाच्या दारांसाठी पारदर्शक लेपाची निवड

समजा, स्वयंपाकघरातील कपाटांसाठी भरीव सागवानाची दारे बनवली आहेत. त्यांना रंगछटा द्यायची नाही. लाकूड मूळ रंगात दिसावे आणि टिकावेही. अशा वेळी कोणता पारदर्शक लेप निवडावा?

लेपाचे कार्य

लाकूड हवेतील बाष्प शोषते आणि सोडते, त्यानुसार फुगते व आकसते. पूर्ण ओले सागवान पूर्ण वाळवले, तर ते वाढवलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आणि त्रिज्येच्या दिशेने सुमारे २.५ टक्के आकसते. कोणताही लेप ही देवाणघेवाण थांबवत नाही. तो तिचा वेग कमी करतो.

प्रमुख पर्याय

१. फ्रेंच पॉलिश: चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून करतात. झळाळी सुंदर, दुरुस्ती सोपी. मात्र गरम भांड्याने ते मऊ पडते आणि पाण्याने पांढरे डाग उमटतात.

२. तेलाधारित व्हार्निश: पाणी बऱ्यापैकी सोसते, पण काळानुसार पिवळसर होते. सागवानातील तेलकट द्रव्यांमुळे ते उशिरा सुकते.

३. दोन घटकांचे पीयू: घटक मिसळल्यावर रेणूंची जाळी तयार होते. त्यामुळे पाणी, उष्णता व ओरखडे यांना ते चांगला प्रतिकार करते. त्यातील आयसोसायनेट श्वसनास घातक असल्याने योग्य मास्क आणि खेळती हवा आवश्यक.

४. पाण्यावर आधारित अॅक्रिलिक: वास कमी, पिवळेपणा जवळजवळ नाही. पहिल्या हातानंतर लाकडाचे तंतू उभे राहतात, म्हणून बारीक पॉलिश पेपर हलका फिरवावा.

निवड

सिंक व शेगडीजवळ पीयू, फिकट लाकडावर अॅक्रिलिक, दिवाणखान्यातील शोभेच्या कपाटावर फ्रेंच पॉलिश, असा ढोबळ नियम ठेवता येईल. आधी त्याच लाकडाच्या तुकड्यावर चाचणी घ्यावी.

नेहमीची चूक

माझ्या घरी पीयू उत्तम प्रतीचे होते, पण ते दारांच्या दर्शनी बाजूलाच लावले गेले. पहिल्याच पावसाळ्यात दारांच्या कडा पुढे वळल्या आणि दारे नीट बंद होईनात. कारण सोपे होते: उघडी मागची बाजू लवकर ओलावा शोषून जास्त फुगली. म्हणून दोन्ही बाजूंना सारखेच हात द्यावेत. कडा, विशेषतः तंतूंची टोके उघडी असलेल्या कडा, कधीही कोऱ्या सोडू नयेत.

विचार करा: हेच दार प्लायवूडचे असते, तर ते इतके वाकले असते का?