थॉमस करंडक : पाच लढतींचे गणित

प्रकाश पदुकोण यांनी १९८० साली ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकली, पुल्लेला गोपीचंद यांनी २००१ साली. त्यानंतर सायना नेहवाल आणि पी. व्ही. सिंधू यांनी ऑलिम्पिक पदके आणली. एवढे होऊनही पुरुषांच्या सांघिक जगज्जेतेपदासाठी, म्हणजे थॉमस करंडकासाठी, भारताचे नाव दावेदारांत धरले जात नसे. १५ मे २०२२ रोजी बँकॉकच्या इम्पॅक्ट अरीनात भारताने चौदा वेळच्या विजेत्या इंडोनेशियाला ३-० असे हरवले आणि हा करंडक जिंकणारा तो सहावा देश ठरला. त्याआधीची नावे मलेशिया, इंडोनेशिया, चीन, जपान आणि डेन्मार्क एवढीच.

इतका उशीर का झाला, याचे उत्तर स्पर्धेच्या रचनेत आहे. हा करंडक सर जॉर्ज थॉमस यांनी १९३९ मध्ये देऊ केला. ते बॅडमिंटनचे नामांकित खेळाडू होतेच, शिवाय बुद्धिबळातही दोनदा ब्रिटिश विजेते होते. मध्ये महायुद्ध आल्याने पहिली स्पर्धा १९४९ मध्ये झाली आणि ती मलायाने जिंकली. सुरुवातीला दोन संघांत नऊ लढती होत. १९८४ पासून त्या पाचवर आल्या : तीन एकेरी, दोन दुहेरी. एकेरीचे खेळाडू जागतिक क्रमवारीनुसारच उतरवावे लागतात. आपला सर्वोत्तम खेळाडू समोरच्या कच्च्या खेळाडूवर सोडण्याची सोय नाही. तीन लढती जिंकेल तो संघ पुढे. म्हणजे एखादा अव्वल खेळाडू असला, तरी एकेरीत तो संघाला एकच गुण मिळवून देणार.

एकेरीत भारताकडे माणसे पूर्वीपासून होती. सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर १९५६ मध्ये मलायातील सेलांगोर स्पर्धा जिंकून परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. थॉमस करंडकात त्यांनी एकेरीच्या सोळापैकी बारा लढती जिंकल्या होत्या. पुढे १९७९ मध्ये भारत उपांत्य फेरीपर्यंत गेला आणि मग ती पायरी त्रेचाळीस वर्षे पुन्हा दिसली नाही. दुहेरीत जगातल्या अव्वल जोड्यांना नियमाने हरवणारी जोडी आपल्याकडे नव्हती.

ती घडली मलेशियन प्रशिक्षक टॅन किम हर यांच्या नजरेतून. अमलापुरमचा सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी आणि मुंबईत उदय पवार यांच्या अकादमीत तयार झालेला चिराग शेट्टी हे दोघेही उंच, दोघांनाही मागच्या कोर्टातून स्मॅश मारायची हौस. मग नेटजवळ कोण खेळणार? तरीही टॅन यांनी त्यांना एकत्र आणले. चिराग नेटवरचा खेळ शिकत गेला, सात्त्विकचे स्मॅश अधिकाधिक जड होत गेले. बँकॉकमध्ये त्यांच्यामागे डेन्मार्कचे माजी दुहेरीपटू मथियास बो प्रशिक्षक म्हणून बसले होते.

गटात भारताने जर्मनी आणि कॅनडाला ५-० असे नमवले, पण चिनी तैपेईकडून २-३ अशी हार पत्करली. उपांत्यपूर्व फेरीत मलेशिया आणि उपांत्य फेरीत डेन्मार्क. दोन्ही सामने भारताने ३-२ असे काढले आणि दोन्हींचा क्रमही अगदी सारखा होता. बँकॉकला पोहोचल्यावर अन्नातून विषबाधा झालेला लक्ष्य सेन पहिली एकेरी हरला : आधी ली झी जियाकडून, मग ऑलिम्पिक विजेत्या व्हिक्टर ॲक्सेलसेनकडून. सात्त्विक-चिरागने बरोबरी साधली, किदांबी श्रीकांतने आघाडी दिली, दुसरी दुहेरी गेली आणि निकाल पाचव्या लढतीवर आला. ती एच. एस. प्रणॉयची. डेन्मार्कच्या रासमुस गेम्केविरुद्ध पहिल्याच गेममध्ये त्याचा पाय घसरून घोटा दुखावला. उपचार घेऊन तो उभा राहिला आणि १३-२१, २१-९, २१-१२ असा जिंकला. जगातल्या बहुतेक संघांत पहिली एकेरी खेळू शकेल असा हा खेळाडू, भारताकडून तिसरी खेळत होता. क्रमवारीचा नियम इथे भारताच्या पथ्यावर पडला.

अंतिम सामन्यात त्याची पाळीच आली नाही. लक्ष्यने अँथनी गिन्टिंगविरुद्ध पहिला गेम ८-२१ असा गमावून पुढचे दोन २१-१७, २१-१६ असे घेतले. सात्त्विक-चिरागसमोर मोहम्मद अहसान आणि केविन संजया होते. दोघेही दुहेरीतले दिग्गज, पण एकमेकांचे नेहमीचे साथीदार नव्हेत. पहिला गेम गेला, दुसऱ्यात भारतीय जोडीने चार मॅच पॉइंट वाचवले आणि लढत १८-२१, २३-२१, २१-१९ अशी खिशात घातली. मग श्रीकांतने जोनाथन ख्रिस्तीला २१-१५, २३-२१ असे नमवले. स्पर्धेतल्या आपल्या सहाही लढती त्याने जिंकल्या. लक्ष्य धडपडत असताना संघ तरला, त्यात श्रीकांतच्या या सातत्याचा वाटा मोठा होता.

पुढच्या वर्षी सात्त्विक-चिरागने हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले आणि क्रमवारीत पहिला क्रमांक गाठला. संघाची गोष्ट मात्र वेगळी झाली. २०२४ मध्ये चीनमधल्या चेंगडूत गतविजेता भारत उपांत्यपूर्व फेरीत यजमानांकडून १-३ असा हरला. प्रणॉय हरला, सात्त्विक-चिराग हरले, लक्ष्य जिंकला आणि दुसरी दुहेरी गमावताच सामना संपला. पाचवी लढत खेळायची वेळच आली नाही.

बँकॉकमध्येही बाद फेरीत खेळलेली दुसरी दुहेरी भारताने दोन्ही वेळा गमावलीच होती. तेव्हा बाकीच्यांनी ती भरून काढली, म्हणून तिची चर्चा झाली नाही. पाचांपैकी एक लढत आधीच सोडून दिल्यासारखे खेळायचे, तर उरलेल्या चारांत तीन जिंकाव्या लागतात आणि ते दरवेळी जमत नाही. इंडोनेशिया आणि चीन यांच्या ढीगभर करंडकांमागे दुसऱ्या, तिसऱ्या फळीतल्या जोड्या आहेत. भारताला करंडक पुन्हा हवा असेल, तर आपल्या अकादम्यांत एकेरीच्या स्वप्नाने येणाऱ्या मुलांतल्या काहींना लहान वयातच दुहेरीकडे वळवावे लागेल आणि तिथेही पहिल्या जोडीइतकाच पैसा, परदेशी सराव आणि चांगला प्रशिक्षक द्यावा लागेल.