आधी फेस काढा

संपादकांनी विषय दिला तो दोनच शब्दांत : चिनी काढे. करोनात आपल्याकडे घरोघर काढ्याची पातेली चढली होती. चिन्यांच्या पातेल्यात काय शिजतं ते बघून या, म्हणाले. हाँगकाँगचा को शिंग स्ट्रीट म्हणजे औषधी वनस्पतींचा बाजार. तिथल्या एका जुन्या दुकानात मी तीन सकाळी घालवल्या.

दुकानातले आजोबा सत्तरीच्या पुढचे. दुभाष्याचं काम त्यांच्या नातीनं केलं. पाठीमागे छतापर्यंत लाकडी खण. चिठ्ठी वाचता वाचता आजोबांचा हात न बघता नेमक्या खणाशी जायचा. तराजू म्हणजे काडीएवढी बारीक दांडी, एका टोकाला पितळी ताटली, दुसऱ्या बाजूला दोऱ्याला लटकणारं वजन. ते नखानं इकडेतिकडे सरकवत आजोबा कागदावर ढीग मांडत होते. चार ढीग झाले : एफेड्राच्या वाळक्या हिरव्या काड्या, जर्दाळूच्या कडू बिया, जिप्समचे पांढरे खडे आणि ज्येष्ठमध. शेवटच्या दोन्हींशी आपली जुनी ओळख आहे. जिप्सम म्हणजे आयुर्वेदातली गोदंती.

हा ‘मा शिंग शी गान’ काढा. चार घटकांच्या चिनी नावांतली आद्याक्षरं जोडून नाव झालंय. सुमारे १८०० वर्षांपूर्वी झांग झोंगजिंग या वैद्यानं तो ‘शांगहान लुन’ या ग्रंथात लिहिला. घाम आणि धाप असलेल्या रुग्णासाठी. कृतीही तिथेच आहे : आधी एफेड्रा एकटाच उकळा, वर आलेला फेस काढा, मग बाकीचं टाका. नातीनं हे भाषांतर करताच आजोबांनी छातीवर हात ठेवला आणि बोटांनी धडधड वाजवून दाखवली. फेस पोटात गेला तर जीव तगमगतो, असं जुने वैद्य सांगत.

त्या धडधडीला पुढे नाव मिळालं. १८८५ मध्ये जपानच्या नागाई नागायोशी यांनी एफेड्रातून इफेड्रिन वेगळं काढलं. १९२४ मध्ये बीजिंगमध्ये चेन आणि श्मिट या संशोधकांनी ते अ‍ॅड्रेनलिनसारखं काम करतं हे दाखवलं : श्वासनलिका सैल होतात, पण नाडी आणि रक्तदाबही चढतात. म्हणजे धाप कमी होण्यामागचं कारण कळतं. विषाणूचं काय? ज्येष्ठमधातल्या ग्लिसिरायझिननं सार्सच्या विषाणूची वाढ रोखली, असं २००३ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रयोगशाळेत दिसलं; पण ते काचेतल्या पेशींवर, आणि मोठ्या मात्रेत. तापासाठी घातलेला जिप्सम तर लिटरभर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतो. एवढ्यानं ताप कसा उतरावा?

माणसांवरची चांगली चाचणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. स्वाइन फ्लूचे ४१० रुग्ण, चीनच्या चार प्रांतांतली ११ रुग्णालयं. काढा याच चार घटकांवर बेतलेला, पण एकूण १२ औषधींचा. औषध न घेणाऱ्या गटातल्या निम्म्या लोकांचा ताप २६ तासांत उतरला, ओसेल्टामिवीर हे फ्लूचं औषध घेणाऱ्यांचा २० तासांत, काढा घेणाऱ्यांचा १६ तासांत. दोन्ही घेणाऱ्यांना १५ तास लागले.

आकडे वाचून मी खुश झालो होतो. मग मर्यादा वाचल्या. रुग्ण तरुण होते आणि आजार सौम्य. खोटा काढा कुणालाच दिला नव्हता. कोणत्या गटात आपण आहोत हे पहिल्या घोटालाच कळत असणार. विषाणू शरीरातून किती दिवसांत गेला, याची नोंद अपुरी. थोडक्यात, चाचणी तापापाशी थांबली. फुप्फुसापर्यंत गेलीच नाही.

दुसरी अडचण आजोबांच्या ताटलीतच दिसते. प्रत्येक चिठ्ठी वेगळी, माणूस बघून घटक बदलणार. चाचणीला मात्र सगळ्यांना एकच काढा हवा. २०२० मध्ये चीनमध्ये हेच चार घटक करोनासाठीच्या २१ औषधींच्या काढ्यात घातले गेले, आणि मार्च २०२१ मध्ये त्याच्या दाणेदार पुड्यांना सरकारी मंजुरी मिळाली. कारखान्यातली पुडी सगळ्यांना सारखीच. तिथे ना चिठ्ठी बदलते, ना फेस काढणारा हात असतो.

धोकेही खरे आहेत. एफेड्रा असलेल्या पूरक आहारांवर अमेरिकेनं २००४ मध्ये बंदी घातली. जर्दाळूच्या कडू बियांतून सायनाइड तयार होतं. ज्येष्ठमध जास्त झालं तर पोटॅशियम घटतं आणि रक्तदाब वाढतो. ज्येष्ठमध असलेल्या आपल्या काढ्यांनाही हे लागू आहे.

आजोबांच्या नेमक्या हाताबद्दल मला आदरच वाटतो. तरी वाचकांना एवढंच सांगतो : साध्या तापात वैद्याला विचारून काढा घ्या; पण धाप लागली, ओठ निळसर दिसू लागले, तर गॅस बंद करा आणि थेट रुग्णालय गाठा.