ट्रकला भावकीतलं इंजिन बसवताना

इंजिन बसलं, ब्लॉक फोडून रॉड बाहेर आला, की बोरिंग करून तेच इंजिन उभं करण्याचा मार्ग बहुतेक संपतो. नवं इंजिन परवडत नाही. मग मालक त्याच भावकीतल्या दुसऱ्या मॉडेलचं चालू इंजिन शोधतो. हा मार्ग चांगला आहे, पण इंजिन चॅसीवर बसलं म्हणजे काम झालं असं नाही.

नंबर काय सांगतो

टाटाच्या गाड्यांत गाडीचा आणि इंजिनाचा नंबर वेगळा असतो. १६१३ म्हणजे साधारण १६ टन एकूण वजन आणि १३० च्या आसपास अश्वशक्ती. तिचं इंजिन ६९७: सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोअर. १२८ मिलिमीटर स्ट्रोक धरला की ५६७५ सीसी भरतात. जुन्या १२१० मध्ये येणारं ६९२ हे ९२ बोअरचं. ४०७ मधल्या ४९७ ला बोअर ९७ चाच, पण सिलिंडर चार आणि स्ट्रोक १०० चा. म्हणजे बोअर जुळला तरी इंजिन एक ठरत नाही.

उलट, ६९७ साधंही आलं आणि टर्बोचंही. साध्या इंजिनाला टर्बोच्या गाडीचा डिझेल पंप लावला तर काळा धूर निघतो, इंजिन तापतं आणि पिस्टन जातात. साध्या इंजिनावर वरून टर्बो चढवण्याच्या फंदात तर पडूच नये, कारण पिस्टनपासून ऑइलच्या वाटेपर्यंत बरंच काही वेगळं असतं.

आधी जुनं का गेलं ते पाहा

घाईत हेच राहून जातं. गरम होऊन इंजिन गेलं असेल आणि रेडिएटर तोच चोंदलेला ठेवला, तर नवंही त्याच वाटेनं जाणार. बेअरिंग फिरलं असेल तर धातूची भुकटी ऑइल कूलरमध्ये साचते आणि धुऊनही पूर्ण निघेल याचा भरवसा नसतो. कूलर बदललेला बरा. टर्बोचं चाक तुटलं असेल तर इंटरकूलर उतरवून झटकून पाहावा. आत अडकलेला एक तुकडा सुटून सिलिंडरमध्ये गेला की सगळा खर्च पाण्यात.

हाफ इंजिन घ्यावं

माझं स्पष्ट मत: ब्लॉक, क्रँक, पिस्टन, हेड एवढंच घ्यावं आणि पंप, स्टार्टर, कॉम्प्रेसर, बेल हाउसिंग शक्यतो आपल्याच गाडीची चढवावीत. पंपाचं टायमिंग मात्र नव्यानं लावावंच लागतं. इंजिन खाली सोडण्याआधी क्लच प्लेट हातानं गिअरबॉक्सच्या शाफ्टवर सरकवून पाहा. तिच्या खाचा दातांवर अलगद बसल्या पाहिजेत. मिस्त्री हातोडी मागू लागला तर प्लेट चुकीची आहे. ऑइल संप पुढच्या ॲक्सलला लागत नाही ना आणि पंखा रेडिएटरपासून मोकळा फिरतो ना, हेही तेव्हाच पाहावं.

ब्रेक इंजिनावरच असतात

एअर ब्रेकची हवा इंजिनावरचा कॉम्प्रेसर भरतो. तो लहान गाडीचा राहिला तर टाकी उशिरा भरते आणि घाटात वारंवार ब्रेक मारताना प्रेशर पडतं. छोट्या गाड्यांत व्हॅक्यूम पंप बहुधा आल्टरनेटरच्या मागे असतो. आल्टरनेटर बदलताना तो विसरला की पेडल दगडासारखं होतं. पहिली ट्रायल रिकाम्या गाडीनं, सपाट रस्त्यावर घ्यावी.

इलेक्ट्रॉनिक इंजिनांचं

धुराचे बीएस-४ (देशभर १ एप्रिल २०१७) आणि बीएस-६ (१ एप्रिल २०२०) नियम पाळणाऱ्या बहुतेक गाड्यांत इंजिन, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि वायरिंग एकमेकांवर अवलंबून असतात. बीएस-६ मध्ये धूर शुद्ध करणारी यंत्रणाही असते. तिथे भावकी पाहून भागत नाही, पार्ट नंबर जुळावा लागतो. जुन्या नियमांचं इंजिन नव्या गाडीत घालणं तर सरळ गैर आहे. त्या धुराची झळ रस्त्याकडेच्या माणसांना लागते.

कागद

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार अशा बदलाला आरटीओची मंजुरी लागते. मंजुरीविना इंजिन बदललं असेल तर १४ दिवसांत कळवून आरसी बुकात नोंद करून घ्यावी लागते. गाडी कर्जावर असेल तर फायनान्सवाल्याची लेखी संमती आधी घ्या. भंगारातून इंजिन घेताना पक्कं बिल आणि मूळ गाडीची नोंदणी रद्द झाल्याचा कागद मागा. इंजिन नंबरवर घासल्याची खूण दिसली तर सौदा तिथेच सोडा. नवा नंबर विमा कंपनीलाही लगेच कळवा, म्हणजे अपघाताच्या दाव्यात पॉलिसीवर एक नंबर आणि ब्लॉकवर दुसरा असा घोळ राहत नाही.