संपत्ती वजा बॅटमन

‘ॲब्सोल्यूट बॅटमन’ ही चित्रकथामाला अमेरिकेतील डीसी कॉमिक्स या प्रकाशनसंस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू केली, तेव्हा ८५ वर्षे वाचकांच्या ओळखीचा असलेला नायक अनोळखी परिस्थितीत उभा राहिला. लेखक स्कॉट स्नायडर आणि चित्रकार निक ड्रगॉटा यांनी घडवलेला हा ब्रूस वेन अब्जाधीश नाही, त्याच्याकडे वडिलोपार्जित वाडा नाही आणि दिमतीला नोकरचाकरही नाहीत. तो गॉथम शहरातील क्राइम ॲली या गरीब वस्तीत वाढलेला स्थापत्य अभियंता आहे. मूळ कथेत धनाढ्य डॉक्टर असलेले त्याचे वडील येथे शाळाशिक्षक आहेत आणि प्राणिसंग्रहालयात नेलेल्या सहलीत झालेल्या गोळीबारात त्यांचा मृत्यू होतो. आई मार्था मात्र जिवंत आहे. आल्फ्रेड हा घरचा विश्वासू सेवक नसून ब्रिटिश गुप्तचर आहे, आणि पेंग्विन, रिडलर, टू-फेस, किलर क्रॉक या नावांनी खलनायक म्हणून परिचित असलेली माणसे येथे ब्रूसचे बालमित्र आहेत.

चित्रांतही हा बदल स्पष्ट दिसतो. ड्रगॉटा यांचा बॅटमन अवाढव्य आहे. चौकटीत जेमतेम मावणाऱ्या त्याच्या छातीवर वटवाघळाचे चिन्ह एखाद्या जाड ठोकळ्यासारखे बसवलेले असते, आणि वेळ येताच तेच चिन्ह सुटून कुऱ्हाडीचे पाते बनते. मुखवट्याचे कानसुद्धा उपटून सुऱ्यांसारखे वापरता येतात. महागडी साधने विकत घेणे ज्याला शक्य नाही, त्याने अंगावरच्या पोशाखाचेच हत्यार केले आहे, आणि अभियंत्याची बुद्धी व हाताशी आहे त्यातून काम भागवण्याची गरिबाची सवय या एकाच कल्पनेतून व्यक्त होतात.

अशा प्रयोगांची परंपरा जुनी आहे. १९८९ साली आलेल्या ‘गॉथम बाय गॅसलाइट’ने बॅटमनला एकोणिसाव्या शतकात नेले होते, आणि ‘काय झाले असते तर’ या प्रकारातील अशा कथांना पुढे ‘एल्सवर्ल्ड्स’ हे नाव मिळाले. त्यांचा ‘कंटिन्युइटी’शी, म्हणजे अंकामागून अंक पुढे चालत आलेल्या अधिकृत घटनाक्रमाशी संबंध नसल्यामुळे त्या सहसा कोणाला खुपल्या नाहीत. ‘ॲब्सोल्यूट बॅटमन’ही अधिकृत कथाविश्वाबाहेर घडते आणि जुना बॅटमन स्वतःच्या अंकांतून पूर्ववत चालूच आहे, तरीही ही कथा एकदोन अंकांत न संपता महिन्यामागून महिना वाढत जाते, नव्या वाचकाची बॅटमनशी पहिली भेट कदाचित तिच्यातूनच घडते, आणि म्हणूनच हा नायक खरा बॅटमन आहे का, हा प्रश्न जुन्या चाहत्यांना जिव्हाळ्याचा वाटतो.

आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे असे, की एका रात्रीत आईवडील दोघेही गमावलेला मुलगा हाच बॅटमनचा पाया आहे; आई जिवंत राहिली, की ज्या एकाकीपणातून त्याचे व्रत जन्माला येते ते एकाकीपणच उरत नाही. कुऱ्हाड चालवून गुंडाचा हात तोडणारा नायक आणि कोणाचाही जीव न घेण्याची शपथ पाळणारा नायक यांचा मेळ बसत नाही, असेही त्यांना वाटते. याउलट समर्थकांच्या मते, अमाप पैसा असलेला माणूस रात्री गरीब वस्त्यांतील भुरट्या गुन्हेगारांना बदडतो ही गोष्ट आज अनेकांना टोचते, आणि स्नायडर यांनी ब्रूसला त्याच वस्तीतला रहिवासी करून हा सल दूर केला आहे, कारण आता तो वरून खाली उतरत नाही, तर खालून वरच्यांना आव्हान देतो.

या वादाचा निवाडा करताना ‘मूळ बॅटमन’ कोणता, हे आधी पाहायला हवे. बॉब केन आणि बिल फिंगर यांचा हा नायक ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या मे १९३९ च्या २७व्या अंकात प्रथम आला, तेव्हा त्याने ठोसा मारलेला खुनी आम्लाच्या टाकीत पडून मेला आणि नायकाला त्याची खंत वाटली नाही. आईवडिलांच्या खुनाची आणि मेणबत्तीच्या उजेडात घेतलेल्या शपथेची हकिकत त्यानंतर सहा महिन्यांनी, ३३व्या अंकात सांगितली गेली. गॉथम हे शहराचे नाव १९४० च्या अखेरीस आले, आल्फ्रेड १९४३ साली आला, आणि जीव न घेण्याचा दंडकही पहिल्या वर्षातील हिंसाचारानंतर संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांच्या आग्रहाने रुजला. म्हणजे ज्या गोष्टींना आज मूळ मानले जाते, त्यांतील बहुतेक पुढे भर पडून स्थिरावल्या आहेत. पहिल्या कथेपासून आहे ती श्रीमंती. आणि स्नायडर यांनी काढून घेतली आहे तीच, तर नंतर आलेली जखम आणि शपथ मात्र त्यांनी रूप बदलून जपली आहे.

याच्याशी ताडून पाहण्यासारखे एक उदाहरण मुंबईशी जोडलेले आहे. २००४ साली आलेल्या ‘स्पायडर-मॅन: इंडिया’मध्ये जीवन कांग यांनी चितारलेला नायक पवित्र प्रभाकर हा खेड्यातून मुंबईत आलेला मुलगा होता, त्याला शक्ती कोळ्याच्या दंशाने नव्हे तर एका योग्याकडून मिळते, आणि त्याचा पोशाख धोतरासह येतो. परंतु मदत करता येत असताना ती न केल्याचा, आणि त्यातून काकांचा जीव गेल्याचा पश्चात्ताप मात्र तसाच राहतो, म्हणून धोतरातही तो स्पायडर-मॅन म्हणून ओळखू येतो.

चाहते एवढ्या तीव्रतेने भांडतात याचे कारण या नायकांवर त्यांचा हक्क खरोखरच निर्माण झालेला आहे. १९८८ साली बॅटमनचा साथीदार रॉबिन, म्हणजे जेसन टॉड, जगावा की मरावा हे ठरवण्यासाठी डीसीने वाचकांना दूरध्वनीवरून मत द्यायला सांगितले होते. ५,३४३ मते मृत्यूच्या बाजूने, ५,२७१ विरोधात पडली आणि ७२ मतांच्या फरकाने त्याचा शेवट ठरला. ‘ॲब्सोल्यूट बॅटमन’वरील वादात असे मतदान नाही, पण प्रश्न त्याहून खोल आहे, कारण एका पात्राच्या जगण्यामरण्यापेक्षा नायकाला नायक करणारी गोष्ट कोणती, हे तेथे पारखले जात आहे. आक्षेप घेणारा वाचक एकाकीपणाचे नाव घेतो, समर्थन करणारा न्यायाच्या ओढीचे घेतो, आणि वैभवाखातर भांडणारा क्वचितच सापडतो. गरीब ब्रूस वेनने आपल्या वाचकांकडून हे कबूल करून घेतले, हे या चित्रकथेचे मोठे यश आहे.