पिस्टनचा आकार कसा ठरतो?

निपाणी सोडून बेळगावकडे येताना तवंदीचा घाट चढावा लागतो. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी याच घाटात माझ्या एका मित्राची येझदी चढता चढता एकाएकी जाम झाली. मागचे चाक रस्त्यावर घासत गेले. मित्राने वेळीच क्लच दाबला म्हणून हातपाय शाबूत राहिले. आदल्याच आठवड्यात आम्ही दोघांनी मोठ्या हौसेने त्या इंजिनात नवा पिस्टन घालून घेतला होता आणि तोही 'रेसिंगचा' करून!

आमचे काय चुकले हे सांगण्यापूर्वी एक प्रश्न विचारतो. इंजिनात वायू आत-बाहेर करणारे दार कोणते? फोर-स्ट्रोक इंजिनात ते काम वरच्या झडपा, म्हणजे व्हॉल्व्ह करतात. साध्या टू-स्ट्रोकमध्ये मात्र सिलिंडरच्या भिंतीत पोर्ट असतात व पिस्टनच त्यांची उघडझाप करतो. तेथे पिस्टन हा दट्ट्याही आहे आणि दारही आहे. दोन्ही इंजिनांच्या पिस्टनांचे आकार वेगळे का, याचे बरेचसे उत्तर एवढ्यात आले.

प्रथम टू-स्ट्रोकचा माथा पाहू. जुन्या टू-स्ट्रोक पिस्टनच्या डोक्यावर एक उंचवटा असे. ताजे मिश्रण त्यावर आपटून वर वळावे, थेट एक्झॉस्टमधून पळून जाऊ नये, हा त्याचा हेतू. पण त्यामुळे पिस्टन जड होई, एका अंगाला जास्त तापे आणि वाकडातिकडा फुगे. १९२० नंतरच्या दशकात श्न्यूर्ले या जर्मन अभियंत्याने ट्रान्स्फर पोर्टच असे तिरपे केले की मिश्रणाचे झोत एक्झॉस्टच्या समोरच्या भिंतीकडे जाऊन आपोआप वर वळतील. उंचवट्याचे काम संपले, माथा सपाट किंवा किंचित घुमटाकार झाला. तेव्हापासून वेगवान टू-स्ट्रोकसाठी हाच माथा योग्य ठरला आहे. उंच घुमट दिसायला झोकदार दिसतो खरा, पण तो झोतांच्या वाटेत येतो आणि उष्णता शोषणारा पृष्ठभाग वाढवतो.

आता स्कर्ट. येझदी २५० चे सिलिंडर ६५ मि.मी. व्यासाचे, स्ट्रोक ७५ मि.मी. आणि आत येणाऱ्या मिश्रणाचे दार म्हणजे पिस्टनच्या स्कर्टची खालची कड. ही कड इनलेटच्या बाजूने कापली की दार लवकर उघडते आणि उशिरा मिटते. वेग जास्त असताना याचा फायदा होतो. वेग कमी असताना मात्र आत आलेले मिश्रण कार्ब्युरेटरकडे परत फेकले जाते. आम्ही हेच केले होते, चांगले ३ मि.मी. कापून. संकेश्वरच्या सरळ रस्त्यावर गाडी वाऱ्यासारखी गेली. घाटात तिला ओढच राहिली नाही. यामाहा आर.एक्स. १०० सारख्या गाड्यांत इनलेटला रीड व्हॉल्व्ह असतो. तो परतणारे मिश्रण अडवतो, म्हणून तेथे स्कर्टबाबत थोडी मोकळीक मिळते.

फोर-स्ट्रोकमध्ये स्कर्टला दाराचे काम नाही. त्याने पिस्टनला सरळ ठेवले की पुरे. म्हणून शर्यतीच्या पिस्टनचा स्कर्ट आखूड करतात आणि गजन पिनच्या दोन्ही अंगांनी कोरून काढतात. हे कशासाठी? जुन्या बुलेट ३५० चा स्ट्रोक ९० मि.मी. होता. मिनिटाला ५००० फेऱ्यांना टोकाशी पिस्टनचे त्वरण गुरुत्वाच्या सुमारे दीड हजार पट होते. पिस्टन ३०० ग्रॅमचा धरला, तरी कनेक्टिंग रॉडला सुमारे पावणेपाच क्विंटलचा हिसका बसतो! त्यातून एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी माथ्यावर वायूचा दाबही नसतो, त्यामुळे हा हिसका सगळा रॉडलाच सोसावा लागतो. तेथे ग्रॅमग्रॅमची किंमत आहे.

माथ्याचे गणितही वेगळे. ५० मि.मी. व्यास आणि तेवढाच स्ट्रोक असलेल्या सिलिंडरचे आकारमान ९८ घ. सें.मी. कॉम्प्रेशनचे प्रमाण ९ असेल तर वर सुमारे १२.३ घ. सें.मी. जागा उरते. माथ्यावर २ घ. सें.मी.चा घुमट दिला की प्रमाण साडेदहापर्यंत जाते. ताकद वाढते, पण पेट्रोल साधे असेल तर ठोके ऐकू येऊ लागतात. शिवाय त्या घुमटात झडपांसाठी खळगे कोरावे लागतात, आणि खळगे कमी पडले तर झडपा वाकतात.

राहिला पिस्टनचा घेर, आणि आमची खरी फसगत तेथेच झाली. पिस्टन अचूक गोल नसतो. पिनच्या दिशेने तो किंचित अरुंद असतो, कारण पिनजवळ धातू जास्त आणि तो तापून तिकडेच फुगतो. माथा अधिक तापतो म्हणून तेथेही व्यास कमी ठेवतात. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला स्फोट होतो, त्यामुळे ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. ६५ मि.मी. व्यासाचा ॲल्युमिनियमचा पिस्टन १५० अंशांनी तापला की सुमारे ०.१९ मि.मी. फुगतो. त्याच वेळी १०० अंशांनी तापलेले बिडाचे सिलिंडर फक्त ०.०७ फुगते. म्हणजे ०.१२ मि.मी. मोकळी जागा नाहीशी होते.

आम्ही तो पिस्टन एका गॅरेजात 'घट्ट' बसवून घेतला होता. घट्ट म्हणजे उत्तम, अशी आमची आणि त्या मिस्त्रींचीही समजूत! घाटात ओढ नाही म्हणून मित्राने दुसऱ्या गिअरमध्ये थ्रॉटल पूर्ण उघडला. गाडीचा वेग कमी, त्यामुळे वारा नाही, इंजिन तापत गेले. पुढचे वर सांगितलेच आहे.

तो पिस्टन अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. त्याच्या एक्झॉस्टकडच्या अंगावर उभे ओरखडे आहेत, इनलेटकडचे अंग जवळजवळ स्वच्छ आहे. ज्यांना पाहायचा असेल त्यांनी अवश्य यावे, आणि येताना वर्कशॉपमधला मायक्रोमीटर घेऊन यावा.